कोरड्या हातानं धरू नये

देवघरात तांब्या नव्हता.

पळी होती, पंचपात्र होतं, ताम्हन होतं. तांब्या तेवढा नाही. श्रावणातला पहिला सोमवार, मी न्हाऊन सोवळ्यात आलेली, आणि महादेवावर धार धरायची ती कशानं? मोरीत पाहिलं, ओट्याखाली पाहिलं, माठाच्या मागे पाहिलं. एवढ्यात पारू मागच्या दारात खराटा आपटत उभी राहिली. ह्यांच्या केंद्रावरचे माशांचे हौद धुवायचं काम तिच्याकडे होतं आणि केंद्रावरच्या सगळ्या बातम्यांचंही.

"काय शोधताय, बाई? तांब्या व्हय? त्यो सायबांनी न्हेला हौदावर. मघाधरनं तांडेलबाईंच्या हातावर पानी घालत्यात."

"कुणाच्या हातावर?"

"तांडेलबाईंच्या. ह्ये असं." तिनं दोन्ही तळवे पुढं करून, मान वाकडी करून दाखवलं. "मला वाटलं तुमालाच इचारून न्हेला आसंल." आणि ती खराटा घेऊन चालती झाली. जाताना हसली की नुसतंच तोंड वेंगाडलं, ते मला कळलं नाही.

आमचं घर म्हणजे धरणाखालच्या मत्स्यबीज केंद्राचं क्वार्टर. मागच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की सगळे हौद दिसायचे. हे त्या केंद्राचे प्रमुख होते. माशांना हात लावायचा, तोंड लावायचं नाही, असा आमचा माणूस. आख्खी नोकरी रोहू-कटल्यात गेली आणि ताटात वरणभात.

मी पायऱ्यांवर गेले आणि पाहिलं. हौदाच्या कठड्यावर, केंद्रावर संशोधनाला आलेली हेमांगी तांडेल ओणवी होती. पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले, वेणीचा बुचडा. तिचे दोन्ही हात पुढं होते आणि हे माझ्या देवाच्या तांब्यानं त्यावर पाणी घालत होते. सावकाश, एकही थेंब वाया जाऊ नये असं. अभिषेकाला घालतात तसं.

आमच्या लग्नाला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. लग्नात माझ्या वडिलांनी ह्यांच्या हातावर पाणी सोडलं. त्यानंतर रोज दोन्ही वेळचं जेवण झालं की ह्यांच्या हातावर पाणी मी घालत आले. माझ्या हातावर कुणी घालायचं असतं, हा प्रश्न मला त्या सकाळपर्यंत पडला नव्हता.

"अगं, हाच हाताशी लागला," मला बघून हे म्हणाले. "देतो हं लगेच."

"वहिनी, सॉरी!" हेमांगी मोठ्यानं म्हणाली. तिचं सगळंच मोठ्यानं. तिनं हौदातून रोहूची एक मोठी मादी अलगद उचलली, तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना धरतात तशी पालथी हातावर घेतली. "कोरड्या हातानं ह्यांना धरायचं नाही. अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो. साल सोलल्यासारखं होतं बिचारीला. मग जिवाणूंना आत शिरायला दार उघडंच की!"

"तो चिकटा?" मी म्हटलं. "त्यात काय आहे?"

"वहिनी, सगळी फौज त्यातच आहे! मासा बापडा राहतो पाण्यात, आणि पाण्यात तर चोवीस तास रोगाचे जिवाणू. पळून जाणार कुठं? म्हणून ह्या चिकट्यात प्रथिनं असतात. एक तर असं आहे की जिवाणू जवळ आला की त्याची भिंतच विरघळवतं. भिंत गेली की तो फुटून मरतो. त्यातूनही कुणी आत घुसलाच, तर रक्तात दुसरी प्रथिनं बसलीत, ती त्याला भोकं पाडतात." कापसाच्या बोळ्यानं तिनं माशाच्या पाठीवरून हलकेच चिकटा टिपला आणि मासा पाण्यात सोडला. "कोणत्या हौदातल्या माशांत ही फौज किती तगडी, ते मला मोजायचंय. तेच तर माझं पीएचडी."

"हिनं मोजलं की आपल्याला आधीच कळेल, कोणता हौद आजारी पडणार," हे म्हणाले. ते बोलत माझ्याशी होते, बघत हौदात होते.

तांब्या घरी आला. मी तो चिंचेनं घासला, राखेनं घासला, परत चिंचेनं घासला. मग महादेवापुढं बसले, धार धरली, आणि त्या धारेतच संकल्प सोडला. सोळा सोमवारांचा. हेमांगी तांडेलचं लग्न लवकर जमू दे. चांगलं जमू दे. आणि लांब जमू दे. मुलगा समुद्रापलीकडचा असला तरी चालेल.

---

चातुर्मासात जेवताना मौन, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. ताट पुढं आलं की गप्प. जेवून उठून चूळ भरली की मगच मौन सुटायचं. आमच्या आईनं लावलेला. ह्यांना ते सोयीचं झालं होतं. मी बोलत नाही म्हटल्यावर हे मोकळेपणी बोलायचे, आणि बोलायचे ते हौदांबद्दल.

"तांडेल म्हणते, दाटीवाटीत ठेवलेल्या माशांत ते प्रथिन कमी भरतं. तांडेलनं आज तीन हौदांचं काढलं." मी भाकरी मोडत ऐकायची. तांडेल म्हणते, तांडेलला वाटतं. आडनावानं चाललंय तोवर माझं काही म्हणणं नव्हतं. ऑफिसातल्या माणसाला आडनावानंच म्हणतात.

आणि त्या आठवड्यात एका रात्री हे ताकाची वाटी हलवत म्हणाले, "हेमांगीला फ्रिजमध्ये थोडी जागा लागेल."

मला ठसका लागला. पण मौन. तोसुद्धा मी पदरात घेतला.

दुसऱ्या दिवशी माझ्या दह्याशेजारी माशांच्या चिकट्याच्या बाटल्या आल्या. प्रयोगशाळेतला फ्रिज महिनाभर बंद होता आणि तिची राहायची नि कामाची खोली आमच्या भिंतीला लागूनच. बाटल्या न्यायला-ठेवायला ती दिवसातून दहादा येई. मी म्हटलं, येऊ दे. डोळ्यांसमोर असलेली बरी. उलट मीच तिला म्हटलं, "एकटीसाठी कशाला चूल पेटवतेस? दोन घास इथंच खात जा." लोकांना वाटलं, काय मन आहे बाईचं!

ती आनंदानं जेवायला येऊ लागली. माझ्या बिनकांद्याच्या आमटीला तिनं कधी नाक मुरडलं नाही. "आमच्याकडे कांद्याशिवाय पाणीसुद्धा उकळत नाहीत, वहिनी," म्हणायची, आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायची. जेवताना ती आणि हे समोरासमोर, मी बाजूला मुकी. त्यांचं बोलणं माझ्या ताटावरून जायचं-यायचं. एकदा काहीतरी चुकीचं मोजल्याची गोष्ट तिनं सांगितली आणि हे इतके हसले, की चष्मा काढून पुसावा लागला. ह्यांना इतकं हसता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. मला वाईट तिच्या हसण्याचं वाटलं नाही. ह्यांच्या हसण्याचं वाटलं. ते इतकी वर्षं घरातच होतं कुठंतरी आणि मला सापडलं नव्हतं.

सोमवार कुणासाठी ते पारूनं माझ्याकडून काढून घेतलं, आणि तिनंच ती बातमी हेमांगीला दिली. मी तुळशीला पाणी घालत होते, सोवळ्यात. हेमांगी धावत आली आणि तिनं मला मिठी मारली. मासळीच्या वासासकट.

"वहिनी! माझ्यासाठी? लग्नाचं नाव काढलं की मी पळते म्हणून आमच्या आईनं हात टेकले, आणि तुम्ही परक्या पोरीसाठी उपास करताय?"

"चांगलं स्थळ मिळावं, दुसरं काय," मी म्हटलं. माझा आवाज मुळातच हळू. तिला तो मायेचा वाटला.

"सर, तुम्ही फार पुण्यवान आहात हं!" तिनं तिथूनच ह्यांना ओरडून सांगितलं.

हे हौदावरून म्हणाले, "काय?" वाऱ्यानं ऐकू गेलं नव्हतं.

मी पुन्हा आंघोळ केली.

---

श्रावण सरत आला आणि धरणाच्या पलीकडच्या तळ्यांत रोग शिरला. माशांच्या अंगावर लाल चट्टे पडत, ते चिघळत, आणि मासे कडेला येऊन तोंड वर करून राहत. मग उलटे. आमच्याकडे ह्यांचा जीव सगळा एका हौदात होता. ह्या केंद्रावर बदली झाली तेव्हा बोटभर होती ती पिल्लं ह्यांनी वाढवलेली. आता हातभर लांबीच्या माद्या झाल्या होत्या. पारू त्यांना 'सायबाच्या लेकी' म्हणायची. मला ऐकू जाईल असंच म्हणायची. आमच्या घरी पाळणा हलला नव्हता.

त्या आठवड्यात त्या माद्यांना इंजेक्शन देऊन अंडी काढायची होती. हंगामातली शेवटची वेळ. पण अंडी काढायची म्हणजे मासा पकडणं, टोचणं, पोट दाबणं आलं. अंगातली फौज तगडी असली तर मासा ते सोसतो. नसली, तर त्या ओरखड्यातूनच रोग आत जातो आणि आठवड्यात हौद मोकळा.

सोमवारी सकाळी हेमांगीनं त्या माद्यांचा चिकटा तपासायला घेतला. दुपारी मी साबुदाण्याची खिचडी घेऊन तिच्या खोलीच्या दारात गेले. आत मी जात नसे. सोवळंओवळं होतंच, शिवाय आतलं मला बघायचं नसे.

टेबलावर काचेच्या नळ्या ओळीनं उभ्या होत्या. सगळ्या गढूळ, तांदूळ धुतल्याच्या पाण्यासारख्या. हे डोक्याला हात लावून बसले होते.

"हे बघा, वहिनी," हेमांगी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला. "ह्यात मेलेल्या जिवाणूंची पूड कालवलीय, म्हणून गढूळ. चिकट्यातलं प्रथिन चांगलं असेल तर ते ह्यांच्या भिंती विरघळवणार आणि पाणी निवळणार. पण एकही नळी निवळेना."

"म्हणजे माझे मासे कमजोर," हे म्हणाले.

"सर, नाहीतर पूड खराब. लाइट किती वेळा जाते! पूड खराब असेल तर ती कशानंच निवळायची नाही. पडताळून बघायला तेच प्रथिन दुसऱ्या कशातलं तरी हवं. माझी बाटली संपलीय. अंड्याचा पांढरा भाग चालेल. पारूबाई, एक अंडं द्या!"

पारू खिडकीशीच होती; ती असायचीच. "अंडं कुठलं, बाई! मानमोडीनं समद्या कोंबड्या ग्येल्या. येक उरली ती बी माझ्याकडं वाकडी मान करून बघती."

"मग डोळ्यांचं पाणी," हेमांगी म्हणाली. "आपल्या आसवांतही तेच प्रथिन असतं. भरपूर असतं. म्हणून तर डोळा सदा उघडा राहून कुजत नाही. सर, रडा बरं!"

"मी?" हे बावरले.

"मासे तुमचे आहेत ना? रडा की!"

ह्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या. काही नाही. सासूबाई गेल्या तेव्हाही ह्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ह्यांचं सगळं आत.

"कांदा आणा!" हेमांगीला युक्ती सुचली. पारू पळत जाऊन घरून कांदा घेऊन आली. कांदा म्हटल्यावर मी उंबऱ्यावरून मागे सरले, अंगणातल्या तुळशीपाशी जाऊन उभी राहिले. चातुर्मासात मला त्याचा वाससुद्धा चालत नसे. तिथून उघड्या दारातून सगळं दिसत होतं.

हेमांगीनं कांदा चिरला, नाकाशी धरला, डोळ्यांशी धरला. "गेले!" ती म्हणाली. "कोळ्याच्या घरात जन्मभर कांदा चिरून डोळे मेलेत माझे. सर, तुम्ही घ्या."

ह्यांनी चष्मा परत चढवून सुरी घेतली. जन्मात कधी सुरी धरलेली नाही. कांदा सटकून टेबलाखाली गेला. हे खाली वाकले, तीही वाकली, दोघांची डोकी आपटली. "आई गं!" ती ओरडली आणि हसत सुटली. हेही हसायला लागले. मासे मरायला टेकलेत, हंगाम चाललाय, आणि दोघं टेबलाखाली बसून हसतायत. तिनं ह्यांच्या चष्म्याला लागलेली कांद्याची पाकळी दोन बोटांनी काढली. इतक्या सहज, जशी मी ह्यांच्या सदऱ्यावरचं सूत काढत आले.

हे तिच्याकडे बघून म्हणाले, "हेमांगी, तू आलीस आणि ह्या जागेत जीव आला बघ."

मला वाटलं, आपण इथं तुळशीपाशी उभ्या आहोत ते कुणालाच ठाऊक नाही. तुळशीलाही नाही.

डोळे कधी भरले ते कळलं नाही. गालावर पाणी आलं, हनुवटीपर्यंत आलं. हातात खिचडीचं पातेलं, पुसायला पदर घेता येईना.

"वहिनींना लागला!" हेमांगी ओरडली. "वहिनींना कांदा लागला! हलू नका, वहिनी! पुसू नका!"

काचेचा लहानसा ड्रॉपर घेऊन ती धावत आली. हात आधी स्वच्छ धुऊन, ओलेच. एका हातानं तिनं माझी हनुवटी धरली, अगदी हलकी, त्या रोहूच्या मादीला धरली होती तशी, आणि डोळ्याच्या कडेचं पाणी नळीत ओढून घेतलं. "अजून आहे का? आहे, आहे. वहिनी, तुम्ही देवमाणूस!"

मी थांबवायचं म्हटलं तरी पाणी थांबेना.

ती आत गेली. एका गढूळ नळीत तिनं ते थेंब सोडले, नळी हलवली, खिडकीच्या उजेडात धरली. हे शेजारी उभे राहिले. पारूनं गजांतून मान आत घातली. मी कधी उंबऱ्यापर्यंत आले ते मला कळलं नाही.

गढूळ पाणी आधी पातळ झालं. मग नळीमागची हेमांगीची बोटं पुसट दिसायला लागली. मग तिच्या नखांवरचा उडालेला लाल रंगसुद्धा दिसला. बघता बघता पाणी निवळलं, विहिरीच्या पाण्यासारखं.

"अगं बया!" पारू म्हणाली.

"पूड चांगली आहे," हेमांगी हळूच म्हणाली. "सर, मासेच थकलेत. ह्यांना आत्ता हात लावायचा नाही. टोचायचं नाही, जाळं नाही. शेजारच्या हौदाकडची फळी उघडून दाटी कमी करा, पाणी बदला आणि नुसतं शांत राहू द्या. फौज परत भरेल." मग ती नळी उजेडात पुन्हा फिरवत म्हणाली, "पण हे बघा, किती जोरदार! इतकं मी कुठल्याच माशात पाहिलं नाही."

हे नळीकडे बघत नव्हते. हे दाराकडे बघत होते. दारापासून टेबलापर्यंत, आणि दारापासून मागे तुळशीपर्यंत, ह्यांची नजर गेली नि परत आली.

---

संध्याकाळी पूजा झाली, दिवा लागला. हेमांगी हौदाची दाटी कमी करायला पारूबरोबर थांबली; जेवायला नंतर येते म्हणाली. मी पानं वाढली. चुरम्याचा प्रसाद ह्यांच्या ताटात ठेवला, माझ्या ठेवला आणि गप्प झाले.

त्या दिवशी हेही गप्प. तांडेल नाही, हौद नाही. दोघांच्या चावण्याचा तेवढा आवाज. भात कालवून झाल्यावर हे म्हणाले, "अगं, एक विचारू?"

मी ताटाकडे बघत राहिले.

"तुळशीपासून टेबलापर्यंत किती अंतर आहे! वाराही उलटा होता आज." ह्यांनी भाताचा घास केला, खाली ठेवला. "इतक्या लांब कांदा लागत नाही कुणाला."

मला मौन आहे, हे ह्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच आत्ता विचारत होते. उत्तर मिळालं असतं तर ह्यांना ते पेललं नसतं.

"आमच्या लक्षात येत नाही बघ," हे ताटाशीच बोलल्यासारखे बोलले. "मासा कडेला येऊन तोंड वर करतो तेव्हा कळतं आम्हाला. आधी नाही कळत. आधी कळायला पाहिजे." मग ठेवलेला घास पुन्हा उचलून म्हणाले, "तिचं ते जिवंतपण मला आवडतं, खोटं नाही सांगत. पण पोर आहे ती. आपल्याला असती तर..."

जेवणं झाली. मी ताटं उचलून मोरीशी गेले आणि रोजच्यासारखा पितळी गडवा उचलला, ह्यांच्या हातावर पाणी घालायला. ह्यांनी तो माझ्या हातातून काढून खाली ठेवला. देवघरात गेले आणि देवाचा तांब्या घेऊन आले.

तो देवाचा आहे, उष्ट्या हातावर त्यानं घालू नये, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. पण चूळ भरायची राहिली होती.

"हात पुढं कर, कुमुद," हे म्हणाले.

माझं नाव ह्यांनी घेतलं ते लग्नातल्या उखाण्यानंतर बहुधा तेव्हाच.

मी हात पुढं केले. हे पाणी घालत राहिले. सावकाश, एकही थेंब वाया जाऊ नये असं. माझ्या बोटांवरचा भात निघाला, तूप निघालं, तरी घालत राहिले. मग आपल्याही हातांवर तांब्या उपडा केला, दोन्ही तळवे नीट भिजवले, बोटांच्या बेचक्यांसकट, आणि मग माझे हात हातांत घेतले.

"कोरड्या हातानं धरू नये," हे म्हणाले. "साल निघतं."

बाहेर हौदावरून हेमांगीची हाक आली, "वहिनी, मला चुरमा ठेवलाय ना?" पारू काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. त्या हसण्यानं मला काहीच झालं नाही, असं नाही म्हणणार. थोडं झालंच.

चूळ भरली की मौन सुटणार होतं. मी ती भरायला जरा उशीर केला.